फुसका बार, नेमका बार : वसईच्या तटापासून खडकीच्या कारखान्यापर्यंत

१/
मे १७३९. वसईच्या किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल, एका बाजूला वाळूची पट्टी. त्या पट्टीवरून चिमाजी अप्पांचे मोर्चे पुढे सरकत तटाला भिडले होते. या वेढ्याची एक आख्यायिका घरोघरी सांगितली जाते : किल्ला हाती येत नसेल, तर तोफेच्या तोंडी बांधून आपले मस्तक तरी आत पडू द्या, असे अप्पा म्हणाले. ही कथा ऐकताना सर्वांचे लक्ष तोफेकडे जाते. तोफेत आणि बंदुकीत भरल्या जाणाऱ्या दारूकडे सहसा कोणाचे जात नाही. या धाग्याचा विषय ती दारू, तिचे माप आणि त्या मापावर अवलंबून असलेला नेम हा आहे.

२/
आरंभ एका शब्दापासून करता येईल. 'काडतूस' हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. मूळ शब्द 'कार्तूशू'. 'पिस्तूल' हाही त्याच भाषेतून आलेला. पाव, बटाटा, चावी, पगार यांच्या पंगतीत हे दोन शब्द बसले. पोर्तुगीजांना वसई मिळाली ती १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशाहाशी झालेल्या तहाने. पुढची दोनशे वर्षे उत्तर कोकणाच्या या किनाऱ्यावर त्यांचे गलबत, त्यांचे चर्च आणि त्यांची बंदूक एकत्र नांदली. ज्या वस्तूचे नाव परक्या भाषेतून येते, ती वस्तू कोणत्या वाटेने आली याची खूण त्या नावातच उरते.

३/
काडतूस येण्यापूर्वी बंदूक 'ठासावी' लागे. नळी उभी धरायची, तोंडातून दारू ओतायची, वर गोळी सोडायची, चिंधीचा बोळा घालायचा आणि गजाने सगळे घट्ट बसवायचे. मग कानापाशी चिमूटभर रंजक ठेवायची आणि पेटता तोडा तिला भिडवायचा. या सगळ्या खटाटोपाला 'बार भरणे' म्हणत. दारू ओलसर असली, कमी पडली किंवा सैल ठासली गेली, तर नुसता धूर निघे, नाहीतर गोळी जेमतेम बाहेर पडे. तो 'फुसका बार'. आज हा शब्दप्रयोग पोकळ घोषणांसाठी वापरला जातो. एके काळी तो शब्दशः जिवावर बेतणारा प्रसंग होता.

४/
मात्र पूर्ण फुसका बार हा प्रश्नाचा एक टोकाचा भाग. खरी अडचण अधिक सूक्ष्म होती : प्रत्येक बार थोडा वेगळा असे. त्याचा परिणाम साध्या हिशेबाने समजतो. एक गोळी सेकंदाला ४५० मीटर वेगाने सुटली, दुसरी ४०० मीटर वेगाने. हवेचा रोध बाजूला ठेवला, तर १०० मीटर अंतर कापताना गुरुत्वाकर्षणाने पहिली सुमारे २४ सेंटिमीटर खाली येईल, दुसरी सुमारे ३१. म्हणजे सात सेंटिमीटरांच्या आसपास फरक. २०० मीटरवर हाच फरक चौपट होतो, पंचवीस सेंटिमीटरांच्या पुढे जातो. डोळा तोच, हात तोच, नळी तीच. केवळ दारूच्या मापाने गोळी छातीऐवजी कमरेला लागते, किंवा लागतच नाही.

५/
म्हणून नेमाचा पहिला नियम तीक्ष्ण दृष्टीचा नसून सारखेपणाचा आहे. जो बंदूकधारी प्रत्येक वेळी तोच बार भरू शकतो, त्याला गोळी कोठे जाणार हे ठाऊक असते. गोळी नेहमी चार बोटे डावीकडे जात असेल, तर तो चार बोटे उजवीकडे रोखेल. परंतु ती एकदा डावीकडे, एकदा वर आणि एकदा खाली जात असेल, तर जगातील कोणताही नेमबाज तिला सुधारू शकत नाही. पुढील तीनशे वर्षांत बंदुकीत झालेल्या अनेक सुधारणांच्या मुळाशी हा एकच शोध दिसतो : दुसरा बार पहिल्यासारखा कसा करावा?

६/
बंदुकीची काळी दारू तीन पदार्थांची : सोरा, कोळसा आणि गंधक. पुढे स्थिरावलेले प्रमाण वजनाने साधारण ७५, १५ आणि १० असे होते. हे तिन्ही नुसते कुटून मिसळले, तर वाहतुकीत हादरे बसून ते वेगवेगळे होऊ लागत. पिंपाच्या वरची दारू एक आणि तळाची दुसरी. यावर युरोपात पंधराव्या शतकात उपाय रूढ होऊ लागला : दारू ओली करून, दाबून, तिचे कण पाडायचे. कणीदार दारूत प्रत्येक कणात तिन्ही पदार्थ बांधलेले राहतात आणि कणांमधल्या फटींतून ज्वाला एकसारखी पसरते. सारखेपणाच्या वाटेवरचे हे पहिले मोठे पाऊल.

७/
दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. शुद्ध सोरा ओलावा फारसा धरत नाही. पण सोऱ्यात मिठासारखे क्षार राहिले असतील, तर दारू हवेतील पाणी शोषते. वसई, अर्नाळा, ठाणे हा सगळा मुलूख खाडीचा, मिठागरांचा आणि चार महिन्यांच्या पावसाचा. मराठ्यांची उत्तर कोकणची मोहीम मार्च १७३७ मध्ये ठाण्यापासून सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसईत संपली. या काळात मध्ये दोन पावसाळे गेले. दोन्ही बाजूंच्या दारूखान्यांना त्या हवेशीही लढावे लागले.

८/
ही जाणीव मराठी राज्यकारभारात आधीपासून होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात दुर्गप्रकरणात दारूखान्याविषयी तपशीलवार सूचना आहेत. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, दारूची मडकी व बस्ते थेट जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावेत, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण इत्यादी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे, मग पुन्हा मुद्रा करून बंद करावे, असा त्यांचा आशय आहे. गडावरचा हवालदार उन्हात दारू वाळवतो, हे दृश्य पोवाड्यात येत नाही. पण तोफखान्याचे यश त्याच्या पंधरवड्याच्या त्या फेरीवर अवलंबून होते.

९/
दारूच्या लहरीपणाची किंमत वसईच्या तटाखाली मोजावी लागली. फेब्रुवारी १७३९ पासून अंतिम वेढा आवळला गेला. तोफांनी भिंती पुरेशा पडेनात, तेव्हा मराठ्यांनी बुरुजांखाली सुरुंग खणले. मे महिन्यात सेबस्तियन बुरुजाच्या बाजूला सुरुंग उडवून चढाई झाली. काही सुरुंग वेळेवर उडाले, खिंडार पडले, माणसे आत घुसू लागली; आणि मागे राहिलेल्या सुरुंगाने उशिरा पेट घेतला. जे लोक शत्रूवर चालून जात होते, तेच स्वतःच्या दारूने उडालेल्या दगडमातीखाली गाडले गेले. दारू किती आहे एवढेच पुरेसे नसते. ती केव्हा आणि कशी पेटेल याची खात्रीही लागते.

१०/
बंदुकीची स्थिती याहून निराळी नव्हती. गुळगुळीत नळीत गोळी सैल बसे, आणि ती मुद्दाम सैल ठेवली जाई. कारण काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. नळीत काजळी साचते आणि घट्ट गोळी पुढच्या वेळी आत जातच नाही. इंग्रजांच्या प्रसिद्ध 'ब्राउन बेस' बंदुकीच्या नळीचा व्यास ०.७५ इंच, तर गोळीचा सुमारे ०.६९ इंच. म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटर फट. गोळी नळीत आपटत-उसळत पुढे सरके, आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्याच्या उलट दिशेला झुकून बाहेर पडे. शंभर पावलांच्या पुढे एका माणसावर नेम धरणे हा त्यामुळे नशिबाचा खेळ होता. म्हणूनच रांगेत उभे राहून एकदम फैरी झाडण्याची पद्धत पडली.

११/
वेढलेल्या वसईची आर्थिक ओढाताणही मोठी होती. किल्ल्यातील अधिकाऱ्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी १५,००० रुपयांचे कर्ज दिले, पण तारण म्हणून चर्चमधील चांदीची भांडी आणि पितळी तोफा घेतल्या. तटाच्या रक्षणासाठी तटावरच्याच तोफा गहाण पडाव्यात, यातून ती अवस्था कळते. १६ मे १७३९ रोजी शरणागतीच्या अटी ठरल्या. २३ मे रोजी पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून महाराष्ट्रातील देवळांत गेल्या; नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा आजही त्यांची आठवण देते.

१२/
वसई पडल्यानंतर तीनच वर्षांनी, १७४२ मध्ये, लंडनमध्ये एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक बेंजामिन रॉबिन्स, विषय तोफ-बंदुकीची नवी तत्त्वे. त्यात एक अत्यंत साधे यंत्र होते : टांगलेला जड लंबक. गोळी त्या लंबकात घुसली की तो मागे झोका घेई. झोक्याची उंची मोजायची, लंबकाचे आणि गोळीचे वजन ठाऊक असायचे. त्यावरून गोळीचा वेग गणिताने काढायचा. बंदुकीची गोळी सेकंदाला १,६०० फुटांहून अधिक वेगाने जाऊ शकते, हे असे प्रथमच विश्वासाने मोजता आले. हवा त्या गोळीला किती प्रचंड प्रमाणात अडवते, हेही त्यातूनच उलगडले.

१३/
या लंबकाचे महत्त्व वेग समजण्यापुरते नव्हते. आता दोन बारांची तुलना करता येऊ लागली. अमुक दारू 'जोरदार' आहे, हे कारागिराचे मत होते. लंबकाने त्या मताला आकडा दिला. रॉबिन्सने पुढे आटे पाडलेल्या नळीचाही पुरस्कार केला. अशा नळीतून निघालेली गोळी स्वतःभोवती फिरते आणि त्यामुळे तिची दिशा स्थिर राहते. हाच गणितज्ञ नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला. ज्याने गोळीचा वेग मोजला, त्याची अखेर याच भूमीत झाली.

१४/
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठ्यांनीही कवायती पायदळाची वाट धरली. महादजी शिंद्यांच्या सेवेतील द बॉयनच्या पलटणींसाठी आग्र्याला शस्त्रागार चालत होते आणि सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तेथे तोफा आणि बंदुका तयार करून घेत होता. या पद्धतीच्या पायदळाकडे चकमकीची बंदूक असे आणि कमरेला तोसदान, म्हणजे काडतुसांची कातडी पेटी. काडतूस म्हणजे कागदाची पुंगळी : आत मोजलेली दारू आणि एक गोळी. शिपायाने रणात दारू मोजायची नाही. ती आधीच, शांतपणे, मापाने भरलेली असायची. माप शिपायाच्या थरथरत्या हातातून काढून छावणीतल्या कारागिराकडे गेले.

१५/
तरी एक त्रुटी राहिली. शिपाई काडतूस दाताने फाडी, त्यातली थोडी दारू चकमकीखालच्या पेल्यात टाकी आणि उरलेली नळीत ओती. घाईत पेल्यात किती पडली, वाऱ्याने किती उडाली, नळीत किती उरली, याचा भरवसा नसे. काटेकोर भरलेले माप शेवटच्या क्षणी पुन्हा अंदाजावर येई. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग करून १८०७ मध्ये पेटंट घेतले. त्यातून पुढे टोपीची बंदूक आली. पेल्यातली दारू गेली, पावसाची भीती कमी झाली आणि पुंगळीतली सगळी दारू नळीत जाऊ लागली.

१६/
आता उरली ती गोळी आणि नळी यांतली फट. १८४९ मध्ये फ्रान्सच्या क्लोद-एतिएन मिनिए यांची लांबट गोळी आली. ती नळीपेक्षा किंचित बारीक, तळाशी पोकळ. आत सहज सरके. बार उडताच वायूच्या दाबाने तिचा तळ फुगे आणि आट्यांना घट्ट पकडे. याच तत्त्वावरची १८५३ ची एनफील्ड रायफल ब्रिटिश फौजेने स्वीकारली. तिची नळी ०.५७७ इंच, सुरुवातीची गोळी ०.५६८ इंच. दीड मिलिमीटरची फट पाव मिलिमीटरपेक्षाही कमी झाली. शंभर पावलांवर अडखळणारा नेम आता कित्येक शे यार्डांवर पोहोचला.

१७/
पण या अचूकतेची एक अट होती. फट इतकी कमी झाली की काजळीतून गोळी सरकण्यासाठी वंगण अपरिहार्य ठरले. म्हणून गोळीभोवतीचा कागद चरबी आणि मेण यांच्या मिश्रणात बुडवला जाई; आणि तो कागद दाताने फाडण्याची कवायत पूर्वीपासून चालत आलेली होती. जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या काडतुसांविषयी गाय-डुकराच्या चरबीची वार्ता पसरली. त्याच महिन्याच्या अखेरीस काडतुसे वंगणाविना द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण लावावे, असे ठरले. पुढे ती हाताने फाडण्याचीही मुभा मिळाली. तोवर विश्वास तुटला होता. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक आणि खोल होती. तथापि त्याच्या तोंडाशी असलेली ती चरबी एका तांत्रिक गरजेतून, अधिक नेमक्या बाराच्या गरजेतून, तेथे आली होती.

१८/
ती आग दक्षिणेतही पोहोचली. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात मुंबई फौजेची २७ वी देशी पलटण उठली. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी घेतलेला एक निर्णय शस्त्रांच्या इतिहासात बोलका आहे : देशी पलटणींसाठी एनफील्डसारखीच दिसणारी, पण आटे नसलेली, गुळगुळीत नळीची बंदूक काढण्यात आली. बाहेरून तीच, आतून जुनी. गोऱ्या शिपायाच्या हाती दूरचा नेम राहिला. काळ्या शिपायाच्या हातून तो काढून घेतला. पुढेही अनेक वर्षे देशी पलटणींना गोऱ्या पलटणींच्या मागच्या पिढीचे शस्त्र मिळत राहिले. नेम ही केवळ कारागिरीची गोष्ट नाही, ती सत्तेचीही गोष्ट आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारी वस्तू सापडणे कठीण.

१९/
१८६६ मध्ये कर्नल एडवर्ड बॉक्सर यांचे पितळी पुंगळीचे काडतूस आले. दारू, गोळी आणि पेटवणारी टोपी एकाच बंद पुंगळीत. बंदूक मागून भरायची. गज गेला, रंजक गेली, दाताने फाडणे गेले. बार उडताना पितळ फुगून नळीचा मागचा भाग बंद करी आणि वायू मागे निसटत नसे. याबरोबरच एक मोठा बदल घडला. कागदी पुंगळी छावणीत वळता येत होती. पितळी पुंगळीसाठी यंत्रे, साचे, मापे आणि कारखाना लागत होता. सारखेपणा आता हाताचा गुण राहिला नाही, तो यंत्राचा झाला.

२०/
असा कारखाना १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला उभा राहिला. जागेचा योगायोग विलक्षण आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी याच खडकीच्या परिसरात पेशव्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच पुणे इंग्रजांच्या हाती गेले. ज्या माळावर मराठी राज्याची अखेर जवळ आली, तेथे बावन्न वर्षांनी साम्राज्याच्या फौजेसाठी दारूगोळा तयार होऊ लागला. चिमाजी अप्पांच्या काळी दारूला ऊन देणारा हवालदार होता. आता तिच्यावर वजनकाटे आणि मापपट्ट्यांची नजर आली.

२१/
काडतुसाच्या कारखान्यात मुख्य काम पुनरावृत्तीचे असते. पितळेच्या चकतीची आधी वाटी होते, मग ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब पुंगळी होते. प्रत्येक ओढीनंतर पितळ कडक बनते, म्हणून ते तापवून पुन्हा मऊ करावे लागते. पुंगळीची लांबी, भिंतीची जाडी, टोपीच्या खाचेची खोली, गोळीचे वजन, दारूचे वजन, गोळी किती आत बसली : प्रत्येकाला कमाल आणि किमान मर्यादा. 'जाते' आणि 'जात नाही' अशा दोन मापांतून वस्तू तपासायची. पहिल्या मापात गेली आणि दुसऱ्यात अडली तरच ती पुढे सरकते. वीर, सरदार, शर्थ यांपैकी कोणताही शब्द येथे लागू पडत नाही. रणावरची खात्री मात्र येथेच तयार होते.

२२/
त्याच काळात १८७८ चा शस्त्रकायदा आला. शस्त्र बाळगण्यासाठी, बनवण्यासाठी परवाना आवश्यक झाला आणि युरोपीयांना त्यातून मोठ्या सवलती मिळाल्या. म्हणजे एकीकडे खडकीसारख्या कारखान्यांत काडतूस तयार होत होते, आणि दुसरीकडे तेच काडतूस या देशातील सामान्य माणसाच्या हाती पोहोचू नये याची तजवीज होत होती. दारूचे माप आता पूर्णपणे सरकारच्या मुठीत होते.

२३/
जगात इतरत्र मात्र एक उलटा प्रवास सुरू झाला. कारखान्याचे काडतूस लाखोंच्या संख्येने निघते, त्यामुळे त्याला थोडी सूट ठेवावीच लागते. अमेरिकेतील हौशी नेमबाजांना तेवढी सूटही नको होती. वापरलेली पितळी पुंगळी ते घरीच पुन्हा भरू लागले. फ्रँकलिन मान या अमेरिकी संशोधकाने नळी काँक्रीटच्या भक्कम ओट्यावर बसवून वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १९०९ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. माणसाचा हात पूर्णपणे वगळला तरी गोळ्या एकाच भोकातून जात नव्हत्या. मग दोष कोणाचा? शोध घेता घेता बोट गोळीवरच आले : तळाची कड जराशी दुखावलेली, वजनाचा मध्य जरासा ढळलेला, नळीत ती किंचित तिरपी शिरलेली.

२४/
हाताने काडतूस भरणाऱ्यांची साधने तेव्हापासून सुधारत गेली : अधिक संवेदनशील तराजू, पुंगळीला मूळ आकारात आणणारे साचे, गोळी सरळ रेषेत बसवणारे दाबयंत्र, लांबी मोजणारी सूक्ष्म मापे. साधने बदलली, पण प्रश्न तोच राहिला. सर्वांत जास्त दारू भरणारा जिंकत नाही; सर्वांत सारखी भरणारा जिंकतो. चिंधीचा बोळा गजाने ठासणारा कोकणातील बंदूकधारी आणि तराजूवर दारूचा कण कण मोजणारा आधुनिक नेमबाज यांची चिंता एकच आहे.

२५/
भारतात हा छंद म्हणून रुजला नाही, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. जुन्या पद्धतीचा एक अवशेष तेवढा टिकून आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून आढळतात. रानडुकरे आणि वानरे पिकाची नासाडी करतात, त्यांच्यापासून राखण करण्यासाठी. बार, गज, छर्रे हे शब्द तेथे संग्रहालयात गेलेले नाहीत.

२६/
आणि कोल्हापूर? ज्या शहरात १८५७ मध्ये देशी पलटण उठली, त्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. त्याच जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. या प्रकारातील लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. पन्नास मीटरवरून तो एका टिंबाएवढाही दिसत नाही.

२७/
या स्पर्धांत .२२ व्यासाचे रिमफायर काडतूस वापरतात. त्याचे पेटवणारे रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेले असल्याने ते घरी पुन्हा भरण्याजोगे नसते. मग बार सारखा कसा मिळवायचा? निवडून. एकाच यंत्रावर, एकाच वेळी तयार झालेल्या काडतुसांच्या गटाला 'लॉट' म्हणतात. नेमबाजाची नळी पकडीत घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटमधील काडतुसे उडवली जातात. ज्या लॉटच्या गोळ्या त्या विशिष्ट नळीतून सर्वांत लहान वर्तुळात पडतात, तो लॉट घेतला जातो. कागदावर सारखेच दिसणारे दोन लॉट एकाच नळीत वेगळे वागतात. पदकाच्या स्पर्धेत गुणाच्या दशांशांवर स्थान ठरते, तेव्हा हा फरक कोणीही नशिबावर सोडत नाही.

२८/
खडकीचा कारखाना दीडशे वर्षांनंतरही चालू आहे. त्याला सोबत म्हणून १९६४ मध्ये भुसावळजवळ वरणगावला आणखी एक काडतुसांचा कारखाना उभा राहिला. २०२१ मध्ये देशातील आयुधनिर्माणी मंडळाची फेररचना होऊन हे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आले. तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. साम्राज्यासाठी सुरू झालेले माप आता स्वतंत्र देशाच्या सैन्यासाठी वापरले जाते. सीमेवरच्या जवानाने उघडलेल्या पेटीतील पहिले आणि शेवटचे काडतूस सारखे असणे ही आजही तेथील कामगारांची जबाबदारी आहे.

२९/
वसईच्या किल्ल्यात आज झाडोऱ्याने वेढलेल्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. विरार-वसईची मुले सुटीच्या दिवशी तेथे जातात, तटावर चढतात, बुरुजांची छायाचित्रे काढतात. पडलेल्या भिंतीच्या दगडांकडे पाहताना मे १७३९ मधला तो उशिरा पेटलेला सुरुंग आठवावा. त्या दिवशी धैर्य कमी पडले नव्हते. कमी पडली ती दारूची खात्री. चढाई करणाऱ्यांची नावे आता कोणी सांगू शकत नाही. त्यांच्या मागे आणि पुढे ज्यांनी दारू वाळवली, मोजली, पुंगळीत भरली, त्यांचीही नाहीत. पोर्तुगीज गेले, त्यांचा 'कार्तूशू' काडतूस होऊन येथेच राहिला.